लग्नपत्रिकांच्या पाठीवर मेडिकल कोडिंगचा अभ्यास

बी.एस्सी., बी.फार्म., नर्सिंग किंवा होमिओपॅथी करून घरी बसलेल्या मुलामुलींच्या तोंडी अलीकडे एक शब्द वारंवार ऐकू येतो, मेडिकल कोडिंग. पुण्याला क्लास आहे, हैदराबादला कंपनी आहे, परीक्षा अमेरिकेची आहे आणि फी भरायची आहे, एवढेच घरच्यांना कळते. म्हैस विकायची का, सोसायटीचे कर्ज भरायचे थांबवायचे का, असा विचार वडील ओट्यावर बसून करतात. तो करण्याआधी हे काम काय आहे, परीक्षा कशी असते आणि तिचा अभ्यास घरी कमी खर्चात कसा होतो, एवढे तुम्हाला माहीत असायला हवे. म्हणून आजचा हा लेख.

पहिला गैरसमज दूर करू. मेडिकल कोडिंग म्हणजे कॉम्प्युटरचा प्रोग्राम लिहिणे नव्हे, आणि डॉक्टरकी तर नव्हेच. अमेरिकेत रोगी दवाखान्यात गेला की बिल बहुतेक वेळा विमा कंपनी भरते. कंपनीला गोष्ट सांगून चालत नाही, तिला नंबर लागतात. कोणता आजार होता त्याचा एक नंबर, डॉक्टरने काय केले त्याचा दुसरा नंबर. डॉक्टरने लिहिलेला कागद वाचून हे नंबर लावणारा माणूस म्हणजे कोडर. नंबर चुकला की बिल परत येते, किंवा जास्तीचे बिल लागले म्हणून दवाखान्यावर चौकशी बसते. हे काम कॉम्प्युटरवर होत असल्याने ते करणारी हजारो मुले चेन्नई, हैदराबाद, पुणे, नवी मुंबई इथल्या कंपन्यांत बसलेली आहेत.

गट नंबर आणि पोटहिस्सा

तुम्हाला हे समजायला अवघड नाही. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, त्याच्यापुढे पोटहिस्सा असतो. 'नाल्याकाठचं वावर' म्हटलं की गावाला कळतं, पण तलाठ्याच्या दप्तरात ते चालत नाही, तिथं गट आणि हिस्साच लागतो. आजारांचेही तसेच. मधुमेहाच्या नेहमीच्या प्रकाराचा गट ई ११. काही गुंतागुंत नसेल तर ई ११.९. मधुमेहाने मूत्रपिंड बिघडले असेल तर ई ११.२२, आणि शिवाय मूत्रपिंडाचा आजार कुठल्या टप्प्यावर आहे त्याचा वेगळा नंबर. ठिपक्यानंतर जेवढे आकडे, तेवढी जमिनीची वाटणी बारीक.

या यादीला मोठा इतिहास आहे. फ्रान्सच्या जाक बर्तियों यांनी १८९३ मध्ये मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. पुढे १९४८ पासून ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली. तिची दहावी आवृत्ती म्हणजे आय.सी.डी. १०. अमेरिकेने स्वतःच्या सोयीने तिची आणखी वाटणी केली आणि १ ऑक्टोबर २०१५ पासून ती लागू केली. त्यात सत्तर हजारांहून जास्त नंबर आहेत. जागतिक संघटनेची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली असली, तरी अमेरिकेतली बिले अजून दहावीवरच चालतात.

सत्तर हजार नंबर कशाकशाचे असतील, असा प्रश्न तुम्हाला पडेल. ऐका तर. गाय चावली तर डब्ल्यू ५५.२१, गायीने लाथ किंवा ढुशी मारली तर डब्ल्यू ५५.२२. कम्बाईन हार्वेस्टरमध्ये सापडला तर डब्ल्यू ३०.०, ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ.मध्ये धोतर-साडी अडकून अपघात झाला तर डब्ल्यू ३०.१. अपघात शेतात झाला तर जागेचा नंबर वाय ९२.७३, फळबागेत झाला तर वाय ९२.७४, कोंबड्यांच्या खुराड्यात झाला तर वाय ९२.७२. बुरशी आलेल्या वैरणीची धूळ छातीत जाऊन होणाऱ्या आजाराचे नावच 'शेतकऱ्याचे फुप्फुस' आहे, त्याचा नंबर जे ६७.०. नाग चावल्याचाही नंबर आहे. आपल्या बांधावरची सगळी दुखणी त्या पुस्तकात आहेत म्हणा ना!

यातली एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्याची नाही. फवारणीच्या औषधाची विषबाधा झाली, औषध ऑर्गेनोफॉस्फेट गटातले असले, तर नंबर टी ६०.० पासून सुरू होतो. पुढे सहाव्या जागेवर जो आकडा येतो तो विष कसे गेले ते सांगतो. १ म्हणजे अपघाताने, २ म्हणजे स्वतःहून घेतले, ३ म्हणजे दुसऱ्याने दिले, ४ म्हणजे ठरवता आले नाही. डॉक्टरने कागदावर काहीच लिहिले नसेल तर कोडरने अपघात धरायचा, असा नियम आहे. मनाने २ टाकायचा नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते तुम्हाला आठवत असेल. अशा माणसाच्या कागदावर एक आकडा इकडचा तिकडे झाला तर त्याच्या मरणाचा अर्थच बदलतो. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी मंडळींना, ज्यांना आपण सवयीने अजून ग्रामसेवक म्हणतो, हे वेगळे सांगायला नको. मृत्यूची नोंद २१ दिवसांत त्यांच्याच दप्तरात होते. डॉक्टर मृत्यूच्या कारणाचा दाखला देतात, त्यातल्या कारणांची वर्गवारी पुढे याच आय.सी.डी. पद्धतीने होते. तिथे कीटकनाशकाने अपघाती विषबाधा म्हणजे एक्स ४८ आणि स्वतःहून घेतलेले असेल तर एक्स ६८. म्हणजे हे काम नुसते अमेरिकेच्या बिलाचे आहे असे समजू नका.

परीक्षा कशी असते

या क्षेत्रात सगळ्यात जास्त नाव असलेली परीक्षा म्हणजे सी.पी.सी., सर्टिफाइड प्रोफेशनल कोडर. ती घेणारी अमेरिकेतली संस्था ए.ए.पी.सी. १९८८ मध्ये सुरू झाली. १०० प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, वेळ ४ तास, आणि पास व्हायला ७० टक्के. संस्थेचे सभासद झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. प्रश्न इंग्रजीत असतात.

आता गंमत अशी की ही परीक्षा पुस्तके जवळ ठेवून देता येते. आजारांचे एक पुस्तक, डॉक्टरने केलेल्या कामाचे दुसरे पुस्तक, त्याला सी.पी.टी. म्हणतात, आणि औषधे-साहित्याचे तिसरे. मग पोरगी रात्री जागून पाठ काय करते, असे तुम्ही विचाराल. हिशोब करा. ४ तासांची २४० मिनिटे. १०० प्रश्नांना वाटली तर एका प्रश्नाला २ मिनिटे २४ सेकंद. तेवढ्यात अर्धे पान इंग्रजी वाचायचे, त्यातले कामाचे ओळखायचे, जाडजूड पुस्तकातले पान काढायचे, चार नंबर पडताळायचे. ज्याला पोट चिरणे आणि पोटाला छिद्र ठेवणे यातला इंग्रजी फरक पाठ नाही, तो पुस्तक चाळण्यातच संपतो. बाजाराच्या दिवशी तहसील कचेरीत गेल्यावर कोणत्या टेबलाला कोणता कागद हे ज्याला ठाऊक, तो दुपारच्या एसटीने परत येतो. दुसरा मुक्कामाला राहतो. त्यातलाच हा प्रकार.

म्हणून पाठ करायचे ते नंबर नव्हेत. हे मी ठासून सांगतो, कारण बरीच मुले नंबरांचीच घोकंपट्टी करतात आणि दोन महिने वाया घालवतात. नंबर पुस्तकात छापलेले आहेत. पाठ करायचे ते शब्द, शरीराचे भाग, आणि नियम. आणि त्यासाठी कार्डांसारखे दुसरे स्वस्त साधन नाही.

कार्ड म्हणजे काय

जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या वर्गात शब्दकार्डे असतात, तीच ही. इंग्रजीत त्यांना फ्लॅशकार्ड म्हणतात. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. प्रश्न वाचायचा, उत्तर मनात किंवा मोठ्याने म्हणायचे, मग कार्ड उलटायचे. आधी उलटायचे नाही. सगळी करामत त्या न उलटण्यात आहे.

हे उगीच सांगत नाही. जर्मनीतल्या हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवले की पाठ केलेले पहिल्या काही तासांत भराभर विसरते, मग विसरण्याचा वेग मंदावतो, आणि मध्ये दिवस सोडून उजळणी केली तर तेच जास्त टिकते. हेन्री रोडिगर आणि जेफरी कार्पिकी या अमेरिकी संशोधकांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांचे गट केले. काहींना उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला, काहींना एकदा वाचून आठवायला लावले. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासले तेव्हा आठवणारे पुढे गेले. शेतकऱ्याला यात नवल नाही. एकदम पाटभर पाणी सोडले तर ते वाहून जाते, पाळीपाळीने दिले तर मुळाला लागते.

कार्डासाठी पैसे घालवू नका. लग्नसराई संपली की प्रत्येक घरात पत्रिकांचा ढीग असतो. पत्रिकेचा कागद जाड, आतली किंवा मागची बाजू बऱ्याचदा कोरी. छापलेल्या बाजूला पांढरा कागद खळीने चिकटवला की दोन्ही बाजू झाल्या. एका पत्रिकेची चार-सहा कार्डे निघतात. मोबाईलवर 'अंकी' नावाचे ॲप आहे, अँड्रॉइड फोनवर ते फुकट मिळते, आणि कोणते कार्ड कधी विचारायचे ते तेच ठरवते. अंकी हा जपानी शब्द, अर्थ पाठांतर. ज्याला जमेल त्याने ते जरूर वापरावे. पण माझे मत विचाराल तर सुरुवातीची दोनशे कार्डे हातानेच लिहावीत. लिहिताना स्पेलिंग डोक्यात बसते, आणि मोबाईल हातात घेतला की अभ्यास सोडून बाकी सगळे होते, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

काय लिहायचे

आधी शब्दांची शेपटे. वैद्यकीय इंग्रजी शब्द ग्रीक-लॅटिन तुकड्यांचे बनलेले असतात. 'आयटिस' म्हणजे सूज-दाह. 'एक्टॉमी' म्हणजे कापून काढून टाकणे. 'ऑटॉमी' म्हणजे नुसते चिरणे. 'ऑस्टॉमी' म्हणजे बाहेर उघडणारे तोंड तयार करणे. 'प्लास्टी' म्हणजे दुरुस्ती किंवा नवी घडण. 'स्कोपी' म्हणजे नळीने आत पाहणे. आता पुढचे तुकडे : 'हेपॅट' यकृत, 'नेफ्र' मूत्रपिंड, 'गॅस्ट्र' जठर, 'कोले' पित्त, 'सिस्ट' पिशवी. 'कोलेसिस्टेक्टॉमी' हा शब्द ऐकून छाती दडपते, पण तोडून पाहिला तर पित्त-पिशवी-काढणे. साठ-सत्तर तुकडे पाठ झाले की शेकडो शब्द आपोआप उलगडतात. इथे कार्डांचा फायदा सर्वांत मोठा.

जुळ्या शब्दांची कार्डे वेगळी करावीत. 'इलियम' हा शब्द मराठीत लिहिला तर एकच दिसतो, पण इंग्रजीत दोन आहेत. मधे 'आय' असेल तर कमरेचे हाड, 'ई' असेल तर लहान आतड्याचा शेवटचा भाग. एका अक्षराने ऑपरेशन हाडाचे की आतड्याचे ते ठरते. 'हायपर' म्हणजे जास्त आणि 'हायपो' म्हणजे कमी, ही जोडी तर घाईत हमखास दगा देते.

मग नियम. हा भाग कार्डावर उतरवायला कष्ट पडतात, पण मार्क याच्यावर अवलंबून. काही नमुने देतो.

बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरने 'हार्ट अटॅकचा संशय' लिहिले तर हार्ट अटॅकचा नंबर लावायचा का? नाही. संशय म्हणजे निदान नव्हे. छातीत दुखते एवढेच पक्के असेल तर त्याचाच नंबर, आर ०७.९. पण रोगी दवाखान्यात भरती होता आणि सुटी देतानाही कागदावर 'बहुधा' असेच असेल, तर दवाखान्याच्या बिलासाठी तो आजार आहे असे धरतात. एकाच शब्दाला दोन जागी दोन न्याय. ही दोन कार्डे शेजारीशेजारी करून ठेवावीत.

हात मोडला. नंबराच्या शेवटी 'ए' कधी आणि 'डी' कधी? बरेच जण सांगतात, पहिल्या खेपेला 'ए', दुसऱ्या खेपेला 'डी'. साफ चूक. मोडलेल्या हाडावर प्रत्यक्ष इलाज चालू आहे तोवर 'ए', मग खेप कितवीही असो. हाड जुळून येण्याच्या काळातली तपासणी असेल तर 'डी'. आणि जुन्या दुखापतीने मागे ठेवलेली व्याधी असेल तर 'एस'.

नंबराच्या मधे 'एक्स' का येतो? सातवी जागा भरायची आहे आणि सहावी रिकामी आहे म्हणून. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तो रुमाल म्हणजे हा एक्स. त्याला स्वतःचा अर्थ नाही, पण तो नसेल तर शेवटचे अक्षर भलत्या सीटवर बसते आणि नंबर बाद होतो. गायीच्या ढुशीचा पूर्ण नंबर म्हणून डब्ल्यू ५५.२२ एक्स ए असा होतो.

पुस्तकात 'एक्सक्लूड्स १' आणि 'एक्सक्लूड्स २' अशा दोन सूचना येतात. पहिलीचा अर्थ एका म्यानात दोन तलवारी नाहीत, हे दोन नंबर सहसा बरोबर लावायचे नाहीत. दुसरीचा अर्थ तो आजार या नंबरात धरलेला नाही, पण रोग्याला दोन्ही असतील तर दोन्ही लावता येतात.

आणि टाक्यांचा हिशोब. विळ्याने दंडाला २ सेंटिमीटर आणि पिंडरीला ३ सेंटिमीटर जखम झाली, दोन्हींना साधे टाके घातले. नंबर दोन की एक? एकच. दंड आणि पाय एका गटात मोडतात, जखमा एकाच प्रकारच्या आहेत, म्हणून लांबीची बेरीज करायची : ५ सेंटिमीटर, नंबर १२००२. पण तिसरी जखम गालावर असेल तर ती या बेरजेत येत नाही, चेहऱ्याचा गट वेगळा. जमीन मोजणीत एका खातेदाराचे एकाच गावातले क्षेत्र मिळवतात, शेजारच्या गावातले मिळवत नाहीत, तसे समजा.

एका कार्डावर एकच प्रश्न हवा. मुले हौसेने अख्खे पान उतरवतात, मग ते कार्ड राहत नाही, पानच होते.

पाच खोकी

कार्डे झाली की ती फिरवायची कशी याची एक सोपी पद्धत सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने १९७० च्या दशकात पुस्तक लिहून लोकांपुढे आणली. चपलांची पाच खोकी घ्या. नवी कार्डे पहिल्या खोक्यात, ते रोज बघायचे. बरोबर आले की कार्ड दुसऱ्या खोक्यात, ते एक दिवसाआड. पुन्हा बरोबर आले की तिसऱ्यात, ते चार दिवसांनी. चौथे आठवड्याने, पाचवे पंधरवड्याने. कुठल्याही खोक्यातले कार्ड चुकले की थेट पहिल्या खोक्यात परत, दयामाया नाही. याने येणाऱ्या कार्डावर वेळ जात नाही आणि न येणारे रोज डोळ्यासमोर राहते.

रोज १५ नवी कार्डे धरली तर दोन महिन्यांत ९०० होतात. परीक्षेला तेवढी पुष्कळ. एका कार्डाला दहा सेकंद धरले तर शंभर कार्डे सतरा मिनिटांत संपतात. हे सतरा मिनिटांचे काम एका बैठकीत करायची गरज नाही. रात्रीच्या थ्रीफेजची वाट बघत विहिरीवर बसावे लागते, डेअरीवर दुधाची रांग असते, एसटी वेळेवर येत नाही. खिशात वीस कार्डे असली की झाले. वीज नाही, रेंज नाही, तरी अडत नाही.

आता घरच्या माणसांसाठी. आपल्याला इंग्रजी येत नाही, आपण काय मदत करणार, असे आई-वडिलांना वाटते. कार्डाची एक बाजू मराठीत लिहिलेली असेल तर आईच परीक्षक होते. ती म्हणेल 'पित्ताची पिशवी काढणे', पोरीने इंग्रजी शब्द सांगायचा आणि स्पेलिंग म्हणायचे. आईने उत्तर तपासायचे नाही, फक्त पोरगी अडखळली का तेवढे बघायचे. अडखळली की ते कार्ड बाजूला. भाकरी थापता थापता हे होते. शब्दांच्या कार्डांना ही युक्ती फार चांगली लागू पडते, नियमांच्या कार्डांना तितकी नाही.

कार्डांनी काय होत नाही तेही सांगितले पाहिजे. परीक्षेत दहा प्रश्न लांबलचक केसचे असतात, त्यात ऑपरेशनचा अख्खा अहवाल वाचावा लागतो. बाकी प्रश्नांतही पुस्तक उघडून नंबर शोधावा लागतोच. ही सवय कार्डाने लागत नाही. ती पुस्तक मांडीवर घेऊन, घड्याळ लावून, सराव प्रश्न सोडवूनच लागते. पहिला महिना कार्डे जास्त आणि पुस्तक कमी, शेवटचा महिना पुस्तक जास्त आणि कार्डे फक्त चुकणारी, अशी विभागणी मला योग्य वाटते.

पैसे भरण्याआधी

क्लासच्या जाहिरातीत 'शंभर टक्के नोकरीची हमी' असे असते. बियाण्याच्या पिशवीवर छापलेला उतारा आणि शेतातला उतारा यांत किती फरक पडतो, ते तुम्हाला शिकवायला नको. क्लासवाल्याला चार प्रश्न विचारा आणि उत्तरे कागदावर घ्या. फीमध्ये परीक्षेची फी आहे का? सभासद फी आहे का? त्या वर्षाची मूळ पुस्तके आहेत का? नापास झाल्यास दुसऱ्यांदा बसायचा खर्च कोणाचा? परीक्षा फी आणि सभासद फी डॉलरमध्ये असते, म्हणून आज सांगितलेला रुपयातला आकडा सहा महिन्यांनी तोच राहील असे नाही. शेवटी क्लास जे प्रमाणपत्र देतो ते आणि सी.पी.सी. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लासचे प्रमाणपत्र भिंतीवर शोभते, कंपनी सी.पी.सी. विचारते.

नवख्याला पास झाल्यावरही काही काळ नावापुढे 'ए' लागतो, म्हणजे शिकाऊ. कामाचा अनुभव दाखवला की तो निघतो. पुढेही प्रमाणपत्र टिकवायला दर दोन वर्षांनी ३६ तासांच्या शिक्षणाचे गुण मिळवावे लागतात आणि सभासदत्व चालू ठेवावे लागते. संस्था पदवी मागत नसली तरी आपल्याकडच्या कंपन्या बहुधा विज्ञान किंवा वैद्यकीय शाखेची पदवी बघतात. काही कंपन्या प्रमाणपत्र नसलेल्या पदवीधरालाही घेतात आणि काम करता करता परीक्षा द्यायला लावतात. ते जमत असेल तर कर्ज काढण्यापेक्षा तो रस्ता बरा. कामाला रोजचे टार्गेट असते, अचूकता बऱ्याच ठिकाणी ९५ टक्के मागतात, आठ-नऊ तास पडद्यासमोर बसायचे असते. रोग्यांची माहिती गुप्त ठेवण्याचा अमेरिकेचा १९९६ चा कायदा कडक आहे, म्हणून कामाच्या जागी मोबाईलसुद्धा नेऊ देत नाहीत. गावाकडून फोन लावला आणि पोरीने उचलला नाही तर लगेच काळजी करू नका. सोपे नंबर आता यंत्रेही लावू लागली आहेत, आणि माणसाकडे तपासायला अवघड कागद जास्त येतात. म्हणजे नियम ज्याचे पक्के तोच टिकेल.

एक फसगत मात्र हमखास होते. गावातला थोरला मुलगा पास झाला की त्याची कार्डे, वह्या, पुस्तके धाकट्याला मिळतात. शेतीची अवजारे अशी चालतात, ही पुस्तके चालत नाहीत. आजारांचे पुस्तक दरवर्षी १ ऑक्टोबरला बदलते, डॉक्टरांच्या कामाचे १ जानेवारीला. बाह्यरुग्ण तपासणीचे नंबर कसे निवडायचे त्याचे नियमच २०२१ मध्ये बदलले, दवाखान्यात भरती रोग्यांचे २०२३ मध्ये. जुनी कार्डे हातात आली तर एक खूण सांगतो. त्यात ९९२०१ हा नंबर चालू म्हणून लिहिलेला दिसला, तर ती २०२१ च्या आधीची आहेत, कारण तो नंबर त्या वर्षी रद्द झाला. परीक्षा १५० प्रश्नांची आणि पावणेसहा तासांच्या आसपासची असे कोणी सांगितले, तर तोही जुना काळ बोलतो आहे. अशा गठ्ठ्यातली शब्दांची आणि शरीराच्या भागांची कार्डे ठेवा, ती शिळी होत नाहीत. नियमांची कार्डे एकेक करून नव्या पुस्तकाशी ताडा, आणि जी जुळत नाहीत ती चुलीत घाला. परीक्षेची तारीख घेताना ती कोणत्या वर्षाच्या पुस्तकावर आहे ते संस्थेच्या सूचनेत वाचून घ्या, आणि डिसेंबर-जानेवारीच्या तोंडावर तारीख घेत असाल तर पुस्तक विकत घेण्याआधीच वाचा.